बाबांच्या गळ्यातल्या बाई

माझ्या वडिलांच्या गळ्यात एक बाई राहतात. ही गोष्ट आमच्या घरात कधीच गुपित नव्हती. लग्न ठरवताना मुलाची नोकरी, मुलाचे घर आणि या बाई, अशा तिन्ही गोष्टी मुलीकडच्या मंडळींना मोकळेपणाने सांगण्यात आल्या होत्या.

खुलासा करते. बाबा नाशिक रोडला छापखान्यात नोकरीला होते आणि गणपतीच्या दिवसांत मंडळांपुढे होणाऱ्या ऑर्केस्ट्रात गात असत. द्वंद्वगीतातल्या पुरुषाच्या ओळी बाबा गात आणि बाईच्या ओळीही बाबाच गात. (नाक दाबून काढलेला नकली आवाज नव्हे. ती बाई गोरी असेल की सावळी, यावर श्रोत्यांत वाद होत!) आईने त्यांना पहिल्यांदा ऐकले ते निफाडच्या एका कार्यक्रमात, गर्दीच्या पार मागून. घरी जाऊन ती म्हणाली, "मुलगा चांगला आहे. पण त्याच्याबरोबर गाणारी ती बाई कोण, तेवढी चौकशी करा."

अशा या बाईंचे एकही ध्वनिमुद्रण शिल्लक नव्हते. होती ती एकुलती एक कॅसेट टेपरेकॉर्डरने चावून टाकली होती. घरी मोबाइलवर गा म्हटले, तर बाबा म्हणत, "वाद्यांशिवाय गाणं म्हणजे फोडणीशिवाय वरण. आजाऱ्याला देतात ते!" त्यातच वयोमानाने बाईंचे येणेजाणे कमी झाले होते. आल्याच तर एखाद्या गाण्यापुरत्या येत आणि मग कित्येक दिवस फिरकत नसत. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेली आणि ध्वनिशास्त्रातल्या पीएच.डी.साठी लवकरच परदेशी निघणारी मुलगी. सामानाच्या वजनात न धरली जाणारी एकच वस्तू मला सोबत न्यायची होती: ते एक जुने द्वंद्वगीत, बाबांच्या दोन्ही आवाजांत.

नेमके त्याच सुमारास गंगापूर रोडला लोकप्रिय संगीताचे एक संग्रहालय उघडले. इतर संग्रहालयांत 'हात लावू नये' अशी पाटी असते. इथे 'हात लावा, वाजवा, गा' अशी होती. काचेच्या खोलीत गायला संपूर्ण वाद्यवृंदाची साथ मिळते, गाणे लगेच मोबाइलवर येते आणि यंत्र शंभरपैकी गुणही देते, हे सगळे मी आधीच वाचून ठेवले होते. (यातला शेवटचा तपशील मी वाचायलाच नको होता.)

रविवारी आम्ही तिघे गेलो. पाय ठेवला की सूर उमटणारी एक फरशी होती. तिच्यावर आईने चपला बाहेर काढूनच पाऊल टाकले. पुढच्या दालनात बटणे सरकवून गाण्यातले हवे ते वाद्य बंद करता येत होते. आईने आधी तबला बंद केला, मग बासरी, मग व्हायोलिन आणि शेवटी थेट गायक.

"असं एक घरी हवं," ती बाबांकडे बघत म्हणाली.

"तुला यंत्र कशाला? तू नुसतं बघितलंस तरी गायक बंद पडतो."

मी मात्र त्या दोघांना कुठेही रमू दिले नाही. बाईंची ताकद वाया जाता कामा नये, हे माझे शास्त्रीय धोरण होते. "बाबा, बोलू नका. पाणी प्या. तो ढोल नको, दम लागेल!"

"अगं, नाशिकचा माणूस ढोलाला हात न लावता पुढे जाईल का?"

"येताना लावा."

बाबा निमूटपणे काचेच्या खोलीत शिरले. हेडफोन चढवला. वाद्ये सुरू होताच त्यांचे खांदे सैल पडले आणि बाहेरच्या स्पीकरवर नायक आला. रुसला. मग त्याची समजूत काढायला ती आली. त्या आवाजाचे वर्णन करण्याची माझी पात्रता नाही. इतकेच सांगते की, रांगेतल्या एका आजोबांनी आत दुसरे कोण आहे ते पाहण्यासाठी काचेला नाक लावले आणि आईने हातातली पिशवी हळूच खाली ठेवली. गाणे संपले, टाळ्या पडल्या आणि त्याच क्षणी खोलीवरचा दिवा लाल झाला!

पडद्यावर अक्षरे उमटली: 'खोलीत दोन गायक आढळले. एका वेळी एकानेच गावे. गुण देता येत नाहीत.'

संग्रहालयातली एक मुलगी धावत आली. "सर, आतल्या मॅडमना बाहेर पाठवा ना, प्लीज."

"त्या नाही येत हो बाहेर," बाबा अत्यंत नम्रपणे म्हणाले. "लग्नाआधीपासून आत आहेत."

"मी पण सांगून बघितलं," आईने दुजोरा दिला.

मुलीने चक्क स्टुलाखाली वाकून पाहिले! बाबांचा चेहरा तर लखलखत होता. "अनू, यंत्रसुद्धा फसलं! लय भारी! चल, आता मिसळ खाऊ."

वास्तविक ही हकीकत इथेच सुखाने संपायला हवी होती. परंतु पडद्यावर गुणांच्या जागी एक आडवी रेघ होती, आणि आडवी रेघ मला सहन होत नाही. (बारावीत भौतिकशास्त्रात माझा एक गुण गेला, तेव्हा मी फेरतपासणी मागितली होती. तो गुण सापडला. आमच्या घरातले त्यानंतरचे सर्व अनर्थ त्या सापडलेल्या गुणामुळे झालेले आहेत.) रेघेखाली दोन बटणे होती: 'जतन करा' आणि 'पुन्हा गा'.

"थांबा बाबा. शंभर मिळायच्या गाण्याला रेघ? असं कसं?"

"अनू, कशाला गं?" आई म्हणाली.

"दोन मिनिटं, आई. पहिलं निरीक्षण नेहमी चाचणीचंच असतं," असे म्हणून मी 'पुन्हा गा' दाबले.

आधी मी बाबांना माइकपासून लांब उभे केले, म्हणजे दोन आवाजांतला फरक यंत्राला कळणार नाही. कळला. मग बाईंना जरा जाड आवाजात गायला सांगितले. "बाईंना सर्दी झालीय असं गाऊ का?" बाबांनी विचारले. यंत्राने सर्दी झालेल्या बाईही बिनचूक ओळखल्या. तेव्हा मला लख्ख सुचले: यंत्रात दोघांनी मिळून गाण्याचीही सोय होती, त्यासाठी दोन माइक होते! यंत्राला दोन माणसे दिसतच असतील, तर दोन माणसे देऊ. नायक डाव्या माइकवर, नायिका उजव्या माइकवर. बाबांच्या खोलीभर येरझाऱ्या सुरू झाल्या. नायिका दर ओळीला अर्धा शब्द उशिरा पोहोचत होती आणि पोहोचली की धापा टाकत होती.

"ही बाई जिना चढून येतेय का?" काचेपाशी उभ्या असलेल्या आजोबांनी विचारले.

शेवटच्या कडव्यात बाईंनी वरचा सूर लावायला तोंड उघडले आणि आतून काहीच आले नाही. नुसता वारा. बाबांनी घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला, मग काचेतून आम्हाला हात जोडले आणि हेडफोन काढून ठेवला.

"झालं. बाई माहेरी गेल्या."

"पाणी घ्या, बाबा. जरा बसा."

"पाण्यानं यायच्या नाहीत त्या आता."

"हरकत नाही, पहिलं गाणं घेऊ," मी संग्रहालयातल्या मुलीकडे वळले.

"पहिलं कुठलं, ताई? तुम्ही 'पुन्हा गा' केलंत ना? ते पुसलं गेलं."

"पण त्याला तर गुणच..."

"गुण नसते मिळाले. गाणं मिळालं असतं."

आयुष्यात मिळवलेल्या एकाही गुणाचा मला त्या क्षणी उपयोग झाला नाही. आई मला काही बोलली नाही, आणि आईने न बोलणे ही आमच्याकडची सर्वांत गंभीर अवस्था होय. पिशवी उचलत ती फक्त बाबांना म्हणाली, "मला ऐकायला मिळालं हो. अगदी निफाडसारखं."

मी काचेकडे तोंड करून उभी होते. (काचेत सगळे दिसते, हे ध्वनीचा अभ्यास करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.)

"रडतेस काय वेडे? ये आत," बाबा म्हणाले. "दोन माइक आहेतच. बाईचं तू गा."

"मला नाही येत, बाबा."

"मला तरी कुठं येत होतं बाई व्हायला!"

मी गायले. मनापासून गायले, एवढाच माझा बचाव आहे. (आजोबा मध्येच निघून गेले. त्यांना काहीतरी काम आठवले असावे.) गाणे संपले, दिवा हिरवा झाला आणि पडद्यावर निकाल आला: 'गायक: एक. गुण: सत्त्याण्णव. पार्श्वभूमीतील गोंगाट काढून टाकला आहे.'

बाबा हसता हसता स्टुलावर बसले. आई अखेर बोलली, ती एवढेच: "बघ, मी म्हटलं नव्हतं, असं एक घरी हवं?" येताना पाहिले तर ढोलाचे दालन बंद झाले होते.

ते गाणे आता माझ्या मोबाइलवर आहे. त्यात नायक रुसतो, काहीतरी विचारतो, उत्तरासाठी थांबतो. आणि जिथे उत्तर यायचे, तिथे नुसती वाद्ये वाजत राहतात. बाबा रोज सकाळी वरच्या पट्टीत चाचपून पाहतात. "तू निघायच्या आधी येतील गं," असे म्हणतात. बॅगा भरून झाल्या. बाई अजून आलेल्या नाहीत.

मैत्रिणी विचारतात, ते संग्रहालय जाण्यासारखे आहे का? अवश्य जा. ढोल जातानाच वाजवून घ्या, आणि आडवी रेघ आली तर तिला नमस्कार करून 'जतन करा' दाबा. यंत्राच्या अचूकतेबद्दल मात्र शंका बाळगू नका. माझे वडील एकटे गायले तेव्हा त्याने दोन गायक मोजले, आणि आम्ही दोघे मिळून गायलो तेव्हा एक. हा माझ्या आयुष्यातला पहिलाच निकाल, ज्याची मी फेरतपासणी मागितलेली नाही!