दगाभाऊचं रक्त

नवागामात कुणाच्या माणसाला दवाखान्यात रक्त लागलं, की लोक आधी दगाला फोन करत आणि मग देवाला हात जोडत. खानदेशातून सुरतेला आलेल्या त्या वस्तीत दगाची ख्यातीच तशी होती. उधन्याच्या कारखान्यात बारा तास लूम चालवायचा, पाळी सुटली की थेट दवाखाना गाठायचा आणि बाही वर करायचा. सख्ख्या नातेवाइकांना मात्र सुई दिसली की एकेकाला चक्कर येई.

एकदा रक्त दिलं की तीन महिने थांबावं लागतं. पेशंट थोडेच थांबतात? त्यावर वस्तीनं आपला तोडगा काढला होता. रक्त दगाचं, फॉर्मवर नाव आणि फोन नातेवाइकाचा. दिवाळीत शेजारच्या लूमवरच्या भटूच्या आईचं ऑपरेशन झालं, तेव्हा दगानं असंच भटूच्या नावानं रक्त दिलं. चांगल्या कामात कसली आलीय लबाडी, असं सगळेच धरून चालले होते.

चैत्रात गल्लीतल्या शिबिरात त्यानं स्वतःच्या नावानं रक्त दिलं आणि आठवड्यानं रक्तपेढीतून बोलावणं आलं. पुन्हा कुणाला तरी पाहिजे असेल, असं समजून तो अंग ओढत गेला. हल्ली अंग फार थकायचं. ऊन, पाळी, वय, ज्याला त्याला दोष देऊन तो मोकळा व्हायचा.

तिथं समुपदेशनाला बसणाऱ्या ज्योतीताईंनी दार लोटून घेतलं. "दगाभाऊ, तुमच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघालाय. काविळीचा विषाणू. पिशवी आम्ही काढून टाकली, आता यापुढे रक्त द्यायचं नाही. उपचार आहेत, घाबरू नका. घरी कोण असतं?"

"बायको. पहिलटकरीण आहे, नववा लागलाय. उद्या माहेरी जाणार, शिरपूरकडे."

ताईंनी पेन खाली ठेवलं. दगाच्या बायकोची, नूतनची, ही तपासणी राहून गेली होती. दवाखान्यात बाळंतपणासाठी नाव नोंदवलं त्या दिवशी किट संपलं होतं, आणि पुन्हा तिला घेऊन जायला दगाला सवड झाली नव्हती. दुसऱ्यांच्या पेशंटसाठी मात्र बरी व्हायची.

"तिला असेल, तर बाळाला जन्मल्यावर एका दिवसाच्या आत लस आणि आणखी एक इंजेक्शन द्यावं लागतं. ते इंजेक्शन खेड्यात मिळेलच असं नाही. तिला आजच सांगा," ताई म्हणाल्या. "याआधी रक्त कधी दिलं होतं?"

खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. त्यानं भटूचं नाव सांगून टाकलं. ताईंनी संगणकात पाहिलं. दिवाळीतही हेच निघालं होतं. भटूला बोलावलं होतं आणि तो येऊन सगळं ऐकून गेला होता.

दगा तडक कारखान्यात गेला. लूमच्या खडखडाटात भटूच्या कानाशी तोंड नेऊन त्यानं विचारलं.

"हा, सांगं व्हतं त्यासनी," भटू म्हणाला. "मी घाबरीसन मन्हं रगत बाहेर तपासं. काहीच नही निंघनं. माले वाटनं, मशीनच चुकनं."

"पन रगत मन्हं व्हतं ना, भाऊ!"

भटूचा चेहरा पडला. "तुन्हं रगत खराब व्हई, हाई डोकामाच नही उनं. तू ते समदासले देस."

दगाला त्याचा राग यायला हवा होता, पण रागावायलाही अंगात जोर लागतो. भटूच्या हायसं वाटण्यात पाच महिने गेले होते. भल्या माणसाचं रक्त भलंच असणार, हा वस्तीचा समज होता आणि खरं सांगायचं तर दगाचाही.

तो घराकडे निघाला. हा आजार वस्तऱ्यानं, सुईनं, शरीरसंबंधातून, जन्माच्या वेळी आईकडूनही येतो, असं ताईंनी सांगितलं होतं. पण नवागामात सुईचं नाव कोण घेणार? बाईच्या भानगडीचंच घेणार. नूतननं तेच मनात आणलं तर, या एका भीतीनं तो अर्धा झाला होता.

नूतन पिशवी भरत होती. दगानं तिच्याकडे न बघता एका दमात सगळं सांगितलं. "मी वाकडं पाऊल कधीच नही टाकं," एवढं शेवटी कसंबसं म्हणाला.

ती खाली बसली आणि म्हणाली, "मन्हा बापले हाईच व्हतं का?"

तिच्या बापाचे डोळे पिवळे झाले होते, पोटात पाणी भरलं होतं. गावानं त्याला दारुडा ठरवलं. तो दारूला हात लावत नव्हता. लग्न जमवताना दगाच्या घरी सांगितलं होतं, तापानं गेला. तेव्हापासून तिनं ते पोटातच ठेवलं होतं. आजार कुणाकडून कुणाकडे आला, हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं. दोघांनाही तेवढ्यानं थोडं हलकं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

मग तिनं आईला फोन लावून आजाराचं आणि बाळाच्या सुईचं सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, असं म्हणत म्हातारीनं आकांत केला. नूतननं सगळं ऐकून घेतलं.

"माय, मी नही येत. सकाय रगत तपासाले जास. आन् माय, बापू दारूनी नही गया वाटस."



"पोरले तरी सुई भेटी ना?" म्हातारीनं विचारलं.

नूतननं दगाकडे पाहिलं.

"भेटी," दगा म्हणाला.