डावीकडे वळताना

माझी गाडी माझी नव्हती. मी काम करते त्या बियाण्यांच्या कंपनीनं ती पुण्याच्या एका लीज कंपनीकडून घेतली होती. चालवायची मी, मालक ते. माझ्या सासऱ्यांना, आबांना, हे काही केल्या पटत नव्हतं. फौजेतून निवृत्त झालेला माणूस. म्हणायचे, "आपली न्हाई, तर रोज पुसतीस कशाला?"

वर्षाच्या आत गाडीला खोड लागली. डावीकडे जोरात वळवली की हॉर्न आपोआप वाजायचा. साताऱ्याहून मेढ्याला आम्ही एका नातेवाइकांच्या दुखवट्याला गेलो. अंगणात माणसं मान खाली घालून बसलेली. मी गाडी आत वळवली आणि हॉर्ननं भोंगाच लावला. लोक उठून उभे राहिले. पुढच्या सीटवर आबा सगळ्यांना हात जोडत होते, जणू आमची मिरवणूकच चाललीय.

गाडी सांगलीच्या शोरूममधून घेतलेली, म्हणून तिथं नेली. तिथल्या मॅनेजरनं सरळ रस्त्यावर एक चक्कर मारली. "मॅडम, काही दोष नाही. सांगलीत गाडी एकदम ठीक आहे."

"आवं सायेब," आबा म्हणाले, "आमी साताऱ्यात ऱ्हातो. डावीकडं वळवा की जरा."

त्यानं उभ्या गाडीतच स्टीअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं. हॉर्न सुरू झाला, आणि या वेळी थांबेचना. स्टीअरिंगच्या आतली वायरची पट्टी तुटून चिकटली होती. मॅनेजर ओरडून म्हणाला, वॉरंटीत बसतंय, पण काम करायला मालकाची परवानगी लागेल.

मी लीज कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "वॉरंटीचं शोरूमवाले बघतात, मॅडम."

"शोरूमवाले म्हणतात, मालकाला विचारा."

"मग तुमच्या ऑफिसकडून मेल करायला सांगा. आणि मॅडम, मागं कसला आवाज येतोय? काहीच ऐकू येत नाही."

"तुमची गाडी आहे," मी म्हणाले.

मी फोन गाडीच्या आणखी जवळ नेला. लगेच परवानगीचा निरोप आला. मग मेकॅनिकनं बॅटरीची वायर काढली आणि सांगलीकरांना शांतता लाभली.

पट्टी नवीन बसेपर्यंत दुसरी गाडी देण्याची सोय करारात नव्हती. आम्ही एसटीनं साताऱ्याला परतलो. आबा मात्र लय खूश होते.

"हिचा मालक कोन, ते तरी ठाऊक हाय," एसटीच्या सीटवर थाप मारत म्हणाले, आणि कराड यायच्या आधीच झोपी गेले.