लाल दोऱ्याची कळी

"माझां फुल खंय गेलां? कोणी काढल्यान? आज या वाडीत एक तर मी तरी रवतलंय, नायतर तो चोर तरी!"

ओरडणारा मीच होतो. हातात कणकवलीहून आणलेली पिशवी, अंगावर बसची धूळ, आणि समोर कमरेएवढं जास्वंदीचं रोप. त्याचा शेंडा वीतभर मोडून नेलेला. माझ्या आवाजाने माडावरचे कावळे उठले ते खाडीपलीकडे गेले, आणि अजून परतलेले नाहीत. कोणाला पटत नसेल तर त्याने येऊन मोजावेत.

बायको पिठाच्या हातांनीच बाहेर आली. "अवो, पयली पिशवी खाली ठेवा, मगे ओरडा. आज दिवसभर मी घरात आसय. हंय कोण येवक नाय."

"मगे शेंडो काय वाऱ्यान नेल्यान?"

"काल तिनसांजेक काकी इल्ली. फुलां न्हेवक. ती काय रोजच येता."

काकी म्हणजे गडग्यापलीकडची, आमच्यामधल्या दगडी कुंपणाच्या पलीकडची म्हातारी. नात्याने कोणाचीच नाही, म्हणून अख्ख्या वाडीची काकी. वय विचारलं की सत्तर सांगते, आणि गेली वीस वर्षं मी सत्तरच ऐकतो आहे. मुलं मुंबईला, घरात ती, एक शेळी आणि देव्हाऱ्यातला गणपती.

फुलासाठी एवढा आरडाओरडा कशाला, असं तुम्हाला वाटेल. बायकोला वाटलंच. पण ते नुसतं फूल नव्हतं. जगात कोणीही, म्हणजे अगदी कोणीही, कधीच न पाहिलेलं फूल होतं ते. आणि ते सगळ्यात आधी मी पाहणार होतो.

याचं मूळ कुडाळात आहे. तीन वर्षांपूर्वी मी तिथे नळाची चावी आणायला गेलो आणि येताना जास्वंदीचं कलम घेऊन आलो. चावी राहिली ती राहिलीच. नर्सरीत एक फूल उघडलेलं होतं: कडेला हळदीसारखं पिवळं, आत पिकल्या पपईचा केशरी, मग गुलाबी, आणि मधोमध कोकमाच्या आगळासारखा गडद डोळा. पाकळ्यांच्या कडांना लुगड्याच्या निऱ्या पडल्यासारख्या चुण्या. आकार घरी सांगताना मी जेवणाच्या ताटाएवढा सांगितला. नाक्यावर पोचेपर्यंत तो सुपाएवढा झाला होता. माझा त्यात दोष नाही, फूलच तसं वाढणारं होतं.

नर्सरीवाल्याने बजावलं होतं, "खाली आपली साधी लाल जास्वंद आसा, वर ही परदेशी. खालसून फुटवो इलो तर काढून टाका." मी फुटवा आलेला पाहून नाचलो, त्याला शेणखत घातलं, काठीचा आधार दिला. सहा महिन्यांत खालचीने वरचीला उपाशी मारलं, आणि माझ्या दारात गावभर फुकट मिळणारी लाल जास्वंद विकतची होऊन डोलायला लागली. दुसरं कलम आणलं तेव्हा बायकोने कलमापेक्षा माझ्याकडे जास्त वेळ बघितलं.

मग मी वाचायला लागलो. वाचणारा माणूस घरात किती उपद्रवी होतो, ते आमच्या घरात विचारा. आपण जिला गणपतीची म्हणतो ती लाल जास्वंद मुळात इथली नाहीच. तिच्या शास्त्रीय नावात ती चीनचा गुलाब आहे, आणि गंमत म्हणजे चीनच्या रानातसुद्धा ती आपोआप उगवलेली कोणाला सापडलेली नाही. होडीतून बेटाबेटांवर फिरणाऱ्या माणसांनी ती कुठून कुठे नेली, ते कोणी छातीठोक सांगत नाही. पुढे मॉरिशस, हवाई, फिजीकडच्या बेटांवरच्या बहिणींशी तिचे संकर होत गेले, आणि त्यातून ही ताटाएवढी फुलं निघाली. हे मी गडग्यावर हात ठेवून काकीला समजावून सांगितलं. ती तेव्हा माझीच फुलं काढत होती.

"चीनचां असांदे नायतर भुताचां," ती म्हणाली. "गणपतीन कधी नाय म्हटल्यान?"

आमच्याकडे जास्वंद लावणं म्हणजे जमिनीशी भांडण. पहार मारली की ठिणगी उडते. मी कातळात खड्डा घेतला तो अशा खोलीचा, की एकदा आत उतरल्यावर मला जेवायला वर बोलवावं लागलं. त्यात लाल माती, शेणखत, काथ्याचा भुसा. पाऊस आमच्याकडे चार महिने बसायलाच येतो; पाणी साचलं की मूळ कुजतं, म्हणून तळाला फुटकी कौलं. खाऱ्या वाऱ्याने कळ्या गळतात, म्हणून बायकोचं जुनं लुगडं आडवं बांधलं. ते जुनं नव्हतं, हे नंतर कळलं. पिठ्या ढेकूण झाला तेव्हा साबणाचं पाणी आणि दात घासायचा ब्रश घेऊन मी एकेक पान घासलं. माझेच दात मी कधी एवढ्या निगुतीने घासलेले नाहीत.

आणि मग मी लग्नं लावायला लागलो. सकाळी कलमाच्या पिवळ्या फुलातले पराग रंगाच्या ब्रशवर घ्यायचे आणि परसातल्या पांढऱ्या जास्वंदीच्या फुलाच्या टोकावरच्या पाच मखमली ठिपक्यांना लावायचे. छत्तीस लग्नं लावली, एक टिकलं. बोंड धरलं, दोन महिन्यांनी तडकलं, अकरा बिया मिळाल्या. सात रुजल्याच नाहीत, तीन गोगलगायींनी खाल्ल्या. उरलं ते एक रोप. बियांची जास्वंद आईसारखी येत नाही की बापासारखी येत नाही. तिचं तोंड तिचंच. दोन पावसाळे मी त्या रोपाभोवती बसून काढले. शेवटी शेंड्याला एक कळी आली. एकच.

कळी टोकाशी तांबूस दिसत होती, पण जास्वंदीची कळी खोटारडी. आतला डोळा कसा, कडा कशा, ते उघडल्यावरच. आणि उघडलं की एका दिवसाचा खेळ. संध्याकाळी मिटलं की संपलं. अशात भाचीचा साखरपुडा आला, कणकवलीला मुक्काम करणं भाग होतं. मी कळीवर बोट फिरवून अंदाज बांधला: परवा. निघताना कोणी हात लावू नये म्हणून देठाला लाल दोरा बांधला, चांगल्या दोन गाठी मारून.

कळी माझ्या अंदाजाच्या एक दिवस पुढे निघाली, ते मला काकीच्या अंगणात कळायचं होतं.

मी तसाच गडगा ओलांडून काकीच्या अंगणात गेलो. तीही नुकतीच कुडाळच्या बाजारातून आलेली, पिशवीतले बांगडे काढत होती.

"काकी, ती दोरो बांधलेली कळी तू काढलंस?"

"होय तर. दोरो बघान तर काढलंय. देवाक राखून ठेवलेली मां?"

आमच्या वाडीत झाडावरची पहिली वस्तू देवाची, आणि ती ओळखू यावी म्हणून तिला लाल दोरा बांधायचा. पहिल्या फणसाला दरवर्षी मीच बांधतो. कोणी चुकून काढू नये म्हणून मी जो उपाय केला, त्याने मी जणू पाटीच लावून गेलो होतो: न्या.

"अगो, पण शेंड्यासकट?"

"गाठ सुटाक नाय. दोन मारलेलंस. म्हणान वाईच शेंडो मोडलंय." ती शेळीकडे बघत म्हणाली, "पानां हिने खाल्ल्यान."

"आणि फुल खंय आसा?"

"काल दिवो लावच्या आधी कळीच घातलंय देवाक. सकाळी पयल्या गाडीन बाजाराक जावचां होतां. आता येवन निर्माल्य काढलंय. थंय तुळशीकडे बघ."

तुळशीच्या मुळाशी ते पडलेलं होतं, मिटून गुंडाळी झालेलं. मी पाकळी उलगडायला गेलो तर ती ओल्या कागदासारखी बोटाला चिकटली. आत सगळं जांभळट काळं. डोळा कुठे संपतो आणि कड कुठे सुरू होते, काही कळेना. उघड्या दारातून दिसणाऱ्या देव्हाऱ्यात गणपतीच्या मनगटात माझा लाल दोरा मात्र नीट अडकवलेला होता, माझ्याच दोन गाठींसकट. मोडक्या रोपाला पुन्हा फुटवा, पुन्हा कळी, म्हणजे एक पावसाळा आणखी, आणि तेही ते जगलं तर.

"काकी," मी म्हणालो, आणि आता माझा आवाज कावळ्यांनाही ऐकू गेला नसता, "रंग कसो होतो गो?"

"मी घातलंय तेवा कळी होती. काढलंय तेवा मिटलेलां होतां."

"म्हणजे आख्खो दिवस ता बंद घरात फुललां, आणि कोणी बघूकच नाय?"

काकीने बांगड्याचं डोकं उडवलं.

"देवान बघल्यान मां."