पंखा बंद, फायबर चालू

आमच्या लॅबच्या डब्यात तुटके फायबर जास्त की आमच्याकडं किस्से जास्त, हे अजून ठरायचंय!

काम तसं सोपं. केसाएवढा काचेचा फायबर, मधोमध गॅसची बारीक ज्योत, आणि दोन्हीकडून स्क्रू फिरवत हळूच ओढायचं. पातळ होत होत तुटला की सुईहून अणकुचीदार टोक! पण ज्योत जरा हलली की टोक वाकडं. म्हणून पंखा बंद. परभणीत. मे महिन्यात! आणि आमच्या स्वातीची अख्खी पीएचडी या टोकावर अडकलेली, त्यामुळं कुरकुर करायची सोय नाही.

*

गाईड कदम सर बनियनवरच बसायचे. एकदा प्राचार्य पाहुणे घेऊन दारात!

"सर, हे काय?"

"प्रयोग चालूय, साहेब."

"कुणावर?"

*

स्वातीची मावशी गंगाखेडहून डबा घेऊन आली. ओढणं बघून म्हणाली, "अगं बया, ह्या तर शेवया! पाण्याचा हात लाव की जरा!" आणि स्वतःच लावला. तापलेली काच टिक्कन तुटली.

मावशी शांतपणे म्हणाली, "तुमचा मैदाच हलका हाय."

*

सरांनी पंख्याच्या बटणावर 'दाबू नका' अशी चिठ्ठी चिकटवली. त्या दिवसापासून येईल तो आधी तेच बटण दाबायलाय! शेवटी लाईट गेली की गाव शिव्या द्यायचं अन् आमी टाळ्या वाजवायचो.

*

व्हायवाचा दिवस. बाहेरचे परीक्षक लय कडक, अन् तब्येतीनं भरभक्कम. "टोक माझ्यासमोर काढा, तरच सही!" म्हणाले. तेवढ्यात लाईट गेली. आमी खूश! परीक्षक घामानं निथळायले. आशेनं त्यांनी ते चिठ्ठीवालं बटण दाबून बघितलं, अन् तसंच चालू सोडलं.

स्वातीनं श्वास धरून ओढलं. टोक निघालं! ज्योत विझवली, अन् परीक्षकांनी भिंगातून बघितलं. "वा! असं टोक मी..."

अन् लाईट आली.

डोक्यावरचा पंखा गरगरला. स्वाती किंचाळली, "सर, झाका, टोक उडंल!" परीक्षक कोटासकट टेबलावर पालथे! फायबर त्यांच्या पोटाखाली, बोटभर अंतरावर. आमी सगळे पुतळे.

तसंच पालथं पडून ते ओरडले, "अहो, आधी पंखा बंद करा, मग तुम्हाला डॉक्टर म्हणतो!"