दोन्ही बाजू सांगणारा फर्डिनंड

फर्डिनंड करतो काय, असं गावात कुणी विचारलं की कार्मिनआई म्हणायच्या, "माळ्यावर बसतो नि फोनवर बोलतो." त्यात खोटं काही नव्हतं. वसईतलं त्यांचं कौलारू घर, मागे केळी नि सोनचाफ्याची वाडी, आणि वर माळ्यावर टेबल टाकून त्यांचा थोरला. एका परदेशी कंपनीसाठी तो संगणकाच्या धंद्याचे अंदाज लिहायचा. कोण आपले सर्व्हर मोडीत काढून सगळं क्लाउडवर नेतंय, वेबसाइट बांधायला कुणाला माणसं लागतायत आणि कोण तयार साच्यांवर भागवतंय, हे कंपन्यांच्या साहेबांना फोन करून विचारायचं आणि दर तिमाहीला अहवाल द्यायचा. अहवालात कुणाचं नाव येत नाही. बोलणाऱ्याला आधी तसा शब्द दिलेला असतो, म्हणून तर माणसं पोटातलं बोलतात.

"ढगात ठेवतात म्हणजे नेमकं कुठे रे?" आईंनी एकदा विचारलं होतं.

"आई, पूर्वी वाडीवाडीत आपापलं बावखल होतं ना, पाणी साठवायला? तसे कंपन्यांचे सर्व्हर. आता सगळे बावखल बुजवतात नि नळ घेतात. वापराल तेवढं बिल."

"आणि नळाला पाणी नाही आलं मग?"

"म्हणून काहीजण परत बावखल खणतायत. दोन्ही प्रवाह दिसतात."

त्याची बायको सेलिन चुलीपाशी हसली. "ऐका! याला भात वाढू की भाकरी विचारलं तरी दोन्ही प्रवाह दिसतात."

थट्टा असली तरी माणूस तसाच झाला होता. सुरुवातीला कुठल्या कंपनीने माणसं काढली असं फोनवर ऐकलं की त्याला जेवण जायचं नाही. पुढे पुढे टक्का वर गेला काय नि खाली आला काय, सगळं सारखंच. दाढ काढायला डॉक्टर इंजेक्शन देतात आणि ओठ असून नसल्यासारखा होतो, तसं त्याचं आतलं झालं होतं. चर्चमध्ये मिस्साला जायचा, गुडघे टेकायचा, उठायचा. वडील गेले तेव्हा शवपेटीला खांदा दिला आणि संध्याकाळी माळ्यावर जाऊन अर्धा राहिलेला तक्ता पुरा केला. देवाने त्याला काही कमी केलं नव्हतं. त्यालाच काही घेता येईनासं झालं होतं.

त्या उन्हाळ्यात फोनच्या यादीत त्याच्या धाकट्या भावाची कंपनी आली. क्लेटन घरूनच गोरेगावात ये-जा करून वेबसाइट बांधायचं काम करायचा. नात्यातलं माणूस जिथे असेल तिथला फोन दुसऱ्याकडे द्यायचा, असा फर्डिनंडच्या कामातला नियम. पण त्यासाठी ऋतिका नावाच्या सहकारिणीला मेल लिहायला हवी होती. त्याला तेवढाही कंटाळा आला. एक फोन तर आहे, म्हणत त्याने लावला.

तिकडचे साहेब परेश, बोलघेवडे. "आमचं नाव कुठे येणार नाही ना?"

"नाही येणार."

"मग ऐका. वेबसाइटवाली टीम दिवाळीआधी बंद करतोय. गिऱ्हाईक आता महिन्याच्या वर्गणीवर तयार साचा घेतं, वरचा कोड एआय लिहितं. तपासायला दोघंतिघं ठेवू. अजून कुणाला बोललो नाही हां."

फर्डिनंडने टाइप केलं आणि पुढचा प्रश्न विचारला, क्लाउडवरचा खर्च वाढेल की घटेल. फोन ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं, ही टीम म्हणजे क्लेटनची. त्याने आत चाचपून पाहिलं. काही हललं नाही. खाली येऊन त्याने चहात बटर बुडवून खाल्लं.

त्याच आठवड्यात क्लेटनला पुण्याहून बोलावणं आलं होतं, एका इस्पितळाच्या क्लाउडची देखभाल करायला. आईंचा जीव खाली-वर. धाकटा गेला तर वाडी कोण बघणार?

मे महिन्यात गावच्या क्रुसापुढे संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना असते. ती संपली, उकडलेल्या चण्यांचे पुडे वाटले गेले, आणि क्लेटन फर्डिनंडला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, अख्ख्या दुनियेला सल्ले देतोस. मला सांग, जाऊ की राहू?"

"तसं बघितलं तर दोन्हीकडे..."

"झालं सुरू! अहवाल नको वाचूस रे." क्लेटनने फोन काढला. "परेशसर परवा म्हणाले, क्लेटन, तू तर टीमचा कणा. आईपण रडते. 'नाही' म्हणून कळवून टाकतो पुण्याला."

फर्डिनंडच्या हातात चणे तसेच होते. इतक्या वर्षांत दिलेला शब्द त्याने मोडला नव्हता. छातीत काहीतरी उसळेल म्हणून तो थांबला. उसळलं नाही. क्लेटनचा अंगठा मात्र फोनवर चालत होता.

"जा," फर्डिनंड म्हणाला.

"काय?"

"पुण्याला जा."

क्लेटन हसला. "आणि दुसरी बाजू?"

"नाही."

क्लेटनचं चघळणं थांबलं. जन्मात या भावाने 'पण' न लावता उत्तर दिलं नव्हतं. त्याने दादाच्या तोंडाकडे पाहिलं. "तुला काही..."

"विचारू नकोस."

क्लेटनने लिहिलेलं पुसलं आणि फोन खिशात टाकला.

पावसाच्या तोंडावर तो गेला. आई फर्डिनंडशी बोलेनाशा झाल्या. ताट वाढायच्या, पण भिंतीला सांगायच्या, "जन्मात एकदा धड बोलला, तेही भावाला घालवायला." सेलिनने जिन्यात गाठून विचारलं, "अरे, कारण तरी सांग त्यांना." तो माळ्यावर निघून गेला. अहवाल छापून आला. त्यात एक ओळ होती, मध्यम कंपन्या वेबसाइट बांधणारे गट कमी करत आहेत.

दिवाळीच्या सुमारास क्लेटनचा फोन आला. "दादा, टीम बंद केली. सगळे घरी." आणि मग, "तुला ठाऊक होतं."

फर्डिनंडने समोरचा तक्ता मिटला.

"आईला सांगतो मी. तुला उगाच बोलते ती."

"नको सांगूस."

"आमची बेला, माझ्या शेजारी बसायची. बाळंतपणाची रजा संपवून आली नि आठवड्यात घरी. काहीतरी आहे हे ओळखूनही तिला मीही काही बोललो नाही, दादा. जाताना बाळ बघायला गेलो नि केक खाऊन आलो तिच्या हातचा."

त्या संध्याकाळी नेहमीसारखी घरात रोझरी झाली. प्रत्येक दहा 'नमो मरिये'च्या आधी एकेकाने आपला हेतू सांगायचा, ही घरची रीत. आईंनी क्लेटनचं नाव घेतलं, सेलिनने आजारी शेजारणीचं. फर्डिनंडची पाळी आली की तो नुसता "सर्वांसाठी" म्हणायचा.

"बेलासाठी," तो म्हणाला.

आईंनी कित्येक महिन्यांनी त्याच्याकडे तोंड वळवलं. "कोण ही बेला?"

"मी नाही पाहिलेली," तो म्हणाला. जपमाळेचा मणी त्याच्या बोटांत होता, आणि बोटांना तो लागत नव्हता. मग आईंनीच प्रार्थनेला सुरुवात केली आणि तो मागून म्हणू लागला.