कूलरचा दोर

तो दोर मीच कापला, हे आधी सांगून टाकतो.

शेजारच्या फ्लॅटमधला हा गडी नॉर्वेत, डोंगरांमधल्या अरुंद खाड्यांतून माल पोचवणाऱ्या छोट्या बोटीवर काम करतो. सुट्टीत नागपूरला आला, की दिसेल ते बांधतो: स्कूटर, सिलिंडर, बादलीसुद्धा. चालतो पाय फाकवून, जणू आमची अख्खी रामदासपेठच डुलते आहे. न विचारता त्यानं माझा कूलरही गॅलरीच्या गजाला बांधला. मला ते गबाळं वाटलं. मी सुरी चालवली.

संध्याकाळी वावटळ सुटली आणि कूलर बाहेर कलला. खाली अंगणात त्याचीच आई चिवळीची भाजी निवडत बसली होती. आपल्या गॅलरीतून मधली भिंत ओलांडून त्यानं कूलर छातीशी धरला. मग कापलेलं टोक बघून चक्क हसला.

"काहून कापला जी काका? गाठ तं एका बोटानं सुटते. आमच्या बोटीवर दोर कापला, का सगळ्यायले कॉफी पाजा लागते!"

मी अख्ख्या जिन्याला पुरेल एवढी कॉफी केली. पहिला कप त्याच्या आईला दिला, दुसरा त्याला.

"चुकलो गा," मी म्हणालो. "आता ते गाठ मलेही शिकव."