मेथीच्या वाफ्यातली निळी बशी

श्रूजबरीच्या काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. पीएचडीला इथं अमेरिकेत आले तेव्हा त्यांनी मला आठवडाभर घरी ठेवून घेतलं आणि तेवढ्यावर मी त्यांची झाले. माझा विषय जुनी खापरं. त्यामुळे परसात मेथीसाठी वाफा खणताना त्यांना निळ्या नक्षीच्या बशीचे तुकडे मिळाले, तेव्हा पहिला फोन मला आला.

तुकडे मी त्यांच्या ओट्यावर मांडले. कडेचा टवका उडाला होता आणि आतली माती पिवळट, खडूसारखी मऊ दिसत होती. जिभेला लावली तर चिकटली. चिनी माती अशी चिकटत नाही. काकूंनी तोंड वाकडं केलं. वरचा पांढरा थर कथिलाचा, आपल्याकडे कल्हईला लागतं तेच कथिल, आणि नक्षी हातानं रंगवलेली, असं मी त्यांना समजावलं. म्हणजे बशी वसाहतीच्या काळातली, यात शंका नव्हती. पण इंग्लंडची की हॉलंडची? बुडाच्या मागच्या बाजूला कारखान्याची खूण सापडली तर ते कळण्याची आशा होती, आणि नेमकं बूडच नव्हतं. माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण तिथं अडलं होतं.

पुढे काही आठवड्यांनी काकूंकडून एक फोटो आला. बूड सापडलं होतं. त्यावर निळ्या रंगात बसलेली बाई, हातात फूल. मी आनंदानं वेडी झाले. घासू नका, नीट ठेवा, शनिवारी येतेच, असं फोनवर बजावलं.

शनिवारी पोचले तर काकू अगदी प्रसन्न.

"अगं, भंगलेली मूर्ती घरात ठेवतात का? तुला फोटो पाठवलाच होता. काल शुक्रवार, हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली आणि काकांना ड्राइव्ह करायला लावून पुलावरून तळ्यात सोडली."

मला रडूच आलं. फोटोत फक्त पुढची बाजू होती. चांगलं ताडताड बोलायचं ओठांवर आलं होतं, पण त्या तुकड्याला इतका मान माझ्या प्रयोगशाळेत कुणी दिला नसता, हेही दिसत होतं. म्हणून मी एवढंच सांगितलं, की ती इंग्लंडची की हॉलंडची, हे आता कधीच कळणार नाही.

काकू खुर्चीत बसल्या. महाराष्ट्र मंडळात नवीन कुणी आलं, की चहाच्याही आधी त्या विचारतात, मूळच्या कुठल्या तुम्ही.

"घरी आलेल्या बाईची ओटी भरून पाठवणी केली मी," त्या म्हणाल्या, "आणि कुठली, ते विचारलंच नाही गं."